पारिशा (ब्यूनोस आयर्स)

पारिशा म्हणजे अर्जेंटिनात निखाऱ्यावर मांस भाजायची लोखंडी जाळी, आणि अशा जाळीवर चालणाऱ्या हॉटेलालाही पारिशाच म्हणतात. ब्यूनोस आयर्समधे बोएदो, अल्माग्रो, सान तेल्मो अशा वस्त्यांत दर थोड्या अंतरावर एखादी दिसतेच. इथल्याच पालेर्मो वस्तीत १९९९ मधे सुरू झालेली ‘दोन हुलिओ’ (Don Julio) नावाची पारिशा जगभर गाजली, २०२३ मधे तिला मिशेलिनचा स्टारही मिळाला, पण तिथली रांग बघता गल्लीतली साधी पारिशा गाठलेली बरी.

मूळ गोष्ट पाम्पाच्या गवताळ मैदानांची. स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात गुरं आणली, ती मोकाट वाढली, गुराखी म्हणजे गाउचो लोक उघड्यावर आग पेटवून मांस भाजून खायचे. आजही बीफचा खप माणशी वर्षाला ५० किलोच्या आसपास आहे.

सगळा खेळ निखाऱ्याचा. लाकूड किंवा कोळसा बाजूला वेगळा पेटवतात, केब्राचोसारखं कडक लाकूड असेल तर उत्तम, मग लाल निखारे सळईनं ओढून जाळीखाली पसरतात, ज्वाला मांसाला लागू द्यायची नाही. पारिशेरो म्हणजे भाजणारा जाळीवर तळहात धरतो आणि किती सेकंद सहन होतंय त्यावरून आच ओळखतो, चाक फिरवून जाळी वरखाली करतो. मसाला नाही, मॅरिनेशन नाही, फक्त जाडं मीठ. आपल्या जिभेला पहिले दोन घास अळणी वाटतात हे खरं, पण लगेच चिमिचुरी (पार्सली, लसूण, ओरेगानो, व्हिनेगर, तेल) ओतत सुटू नका.

जेवण आतड्या-बितड्यांपासून सुरू होतं. चिंचुलीनेस म्हणजे कुरकुरीत भाजलेली आतडी, मोशेखास म्हणजे गळ्याजवळची ग्रंथी, ही बाहेरून खरपूस, आतून लोण्यासारखी, वर लिंबू पिळायचं. मोर्सिशा हे रक्ताचं सॉसेज. चोरिसोही असतो, पण गोव्याच्या मिरची-व्हिनेगरवाल्या चोरिसची अपेक्षा धरू नका, हा ताजा आणि अजिबात तिखट नसतो. मग मुख्य तुकडे: बरगड्या आडव्या कापलेला आसादो दे तीरा, पोटाकडचा व्हासिओ, आणि पातळ एन्त्रान्या, माझ्या मते या तिघांत एन्त्रान्याच भारी. आत रस हवा असेल तर खुगोसो सांगायचं, मध्यम हवं तर आ पुन्तो. काही सांगितलं नाही तर बरेचदा जास्त भाजलेलं येतं.

एक प्लेट दोघांना सहज पुरते, त्यामुळे पारिशादा म्हणजे सगळ्याचा मिक्स ढीग मागवण्याआधी त्यात काय काय आहे ते विचारा, अर्धा ढीग आतड्यांचा असू शकतो. संध्याकाळी आठच्या आधी किचन बहुधा बंदच असतं, लोकल मंडळी साडेनऊनंतर येतात आणि जेवण झाल्यावरही तासभर गप्पा मारत बसतात, वेटर उठवत नाही आणि बिल मागितल्याशिवाय आणतही नाही. बिलात कुबिएर्तो नावाची माणशी रक्कम दिसली तर तो पाव-काटाचमच्याचा चार्ज असतो, टिप नव्हे. टिप साधारण दहा टक्के, शक्यतो कॅश.

बीफ न खाणाऱ्या मराठी मंडळींनी दारातून परत फिरायची गरज नाही, कोंबडी आणि डुकराच्या खांद्याचा बोंदिओला बऱ्याच ठिकाणी मिळतो. शाकाहारी असाल तर प्रोवोलेता मागवा, ओरेगानो टाकून भाजलेली चीजची जाड चकती, मात्र ती त्याच जाळीवर भाजतात हे लक्षात ठेवा.