मेक्सिकोतला जीएम मका: वादाची पार्श्वभूमी

मार्च २०२५ मध्ये मेक्सिकोने जीएम, म्हणजे जनुकीय बदल केलेल्या, मक्याच्या लागवडीवर बंदी घातली, तीही थेट राज्यघटनेत दुरुस्ती करून. एका पिकासाठी एवढी वेळ का आली, हे समजायला बरेच मागे जावे लागते.

मका मूळचा तिथलाच. बाल्सास नदीच्या खोऱ्यात सुमारे ९,००० वर्षांपूर्वी टिओसिंटे या रानगवतातून शेतकऱ्यांनी तो घडवला. पांढरा, पिवळा, निळा, लाल असा गावरान मका तिथे आजही घरचे बी राखून पेरतात.

अमेरिकेत १९९६ मध्ये बीटी हा जीएम मका शेतात आला. मातीतल्या एका जिवाणूचे जनुक त्यात घातलेले असते, त्यामुळे खोड पोखरणारी अळी तो खाऊन मरते. त्याचा फायदा खरा होता. किडीचे प्रमाण इतके घटले की साधा मका लावणाऱ्या शेजाऱ्यांचेही नुकसान टळले. पोखरलेल्या कणसात वाढणाऱ्या बुरशीचे विषही कमी झाले. पण फक्त पशुखाद्यासाठी मंजूर झालेला स्टारलिंक हा बीटी मका २००० मध्ये माणसांच्या खाण्यात सापडला. पुढे अमेरिकेच्या आयोवा राज्यात मुळे कुरतडणारी अळी बीटीला दाद देईनाशी झाली.

मेक्सिकोने १९९८ मध्येच जीएम मक्याची लागवड थांबवली होती. तरी अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातल्या नाफ्टा या व्यापार करारामुळे अमेरिकी मका खाण्यासाठी येतच राहिला, आणि मक्याचा आख्खा दाणा म्हणजे बीच. स्वस्त धान्य दुकानातले असे दाणे दक्षिण मेक्सिकोतल्या ओआहाका राज्याच्या डोंगरात कुणी पेरून पाहिले असावेत. एकदा झाड उभे राहिले की तुऱ्यातले पराग वाऱ्यावर शेजारच्या शेतात जातात. कणसाच्या ज्या केसावर ते पडतात, त्याला धरलेल्या दाण्यात परके जनुक उतरू शकते.

२००१ मध्ये डेव्हिड क्विस्ट आणि इग्नासिओ चापेला या संशोधकांनी तिथल्या गावरान मक्यात असे जनुक आढळल्याचे 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात लिहिले. त्यांच्या पद्धतीवर टीका झाली. पुरावा पुरेसा नसल्याचे २००२ मध्ये 'नेचर'नेच जाहीर केले. नंतरच्या पाहण्यांमध्ये कधी जनुक सापडले, कधी नाही. २०१३ मध्ये मेक्सिकोतल्या न्यायालयाने लागवडीचे नवे परवाने रोखले.

माझ्या मते खरी चूक पुढे झाली. २०२० आणि २०२३ च्या सरकारी आदेशांनी लागवडीपेक्षा खाण्यावर भर दिला आणि टॉर्टिलातून, म्हणजे मक्याच्या रोजच्या पोळीतून, जीएम मका हद्दपार करायचे ठरवले. तो खाल्ल्याने अपाय होतो, हे सिद्ध करणे मेक्सिकोला जमले नाही. धोक्याचे शास्त्रीय मूल्यमापनच केलेले नाही, असे सांगत व्यापार लवादाने डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या बाजूने निकाल दिला. बियाण्याचा मुद्दा कितीतरी भक्कम होता. घटनादुरुस्तीने अखेर तोच धरला.

आयात मात्र चालूच आहे, बहुतेक पशुखाद्यासाठी. आयात केलेला जीएम मका देशात शिरतानाच दळावा, अशी शिफारस नाफ्टाच्या पर्यावरण आयोगाने २००४ मध्येच केली होती. पेरणीवर बंदी आली तरी आख्खे दाणे येत राहतील, तोवर त्या शिफारशीची गरज संपत नाही.