वेचणारी आणि खातेदार

१८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवीने वऱ्हाडी कापसाचा भाव चढला, खामगावची पेठ भरली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. जमिनीचं खातं लागलं ते बहुतेक बाप्याच्या नावाने, आणि पुढेही तसंच चालत आलं.

कामं मात्र वाटलेली. वखरणी, डवरणी, फवारणी गड्यांची. सरकी टोबणं, निंदण, वेचणी बायांची. पहिल्या वेच्याआधी सीतादहीची पूजा, मग कमरेला ओटी बांधून कपाशीच्या तासात, म्हणजे ओळीत, शिरायचं. उललेल्या बोंडाची वाळकी टोकं बोटं सोलतात. संध्याकाळी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, वजन होतं, मजुरी किलोवर. गाडी बाजारात नेऊन पट्टी, म्हणजे विक्रीचे पैसे, घेतो तो घरधनी.

शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीच्या १९८६ च्या चांदवड अधिवेशनानंतर बायकोचं नाव जमिनीवर लावायची मोहीम निघाली. काही गावांनी लावलंही. १९९४ मध्ये राज्याने आणि २००५ मध्ये केंद्राने लेकीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क दिला. भावासाठी हक्कसोड लिहून देणं काही थांबलं नाही.

खरा घोळ 'शेतकरी' या शब्दाचा. आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबाला राज्याची १ लाखाची मदत सुरू झाली, ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत, तेव्हा प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' हे ठरवायला जमीन कुणाच्या नावे, कर्ज कुणाचं, थकलं होतं का, असे प्रश्न आले. कागदावर कुटुंबातल्या कुणाच्याही नावची जमीन चालते. पण शेतात राबून विष घेतलेली बाई नोंदीत 'गृहिणी' म्हणून जायची, आणि तिथेच विषय मिटायचा. मागे राहिलेल्या विधवेला तर आधी वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे खेटे, त्यात सासरे-दीर राजी हवेत. निकष पैशांच्या गैरवापराला आळा घालायला होते म्हणतात. आळा बसला तो बायांनाच जास्त.

२००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणाने कूळ, मजूर, महिला सगळ्यांना शेतकरी म्हटलं. सातबाऱ्याला ते कुणी कळवलं नाही. २०१९ पासूनचे पीएम-किसान योजनेचे वर्षाला ६ हजार जमीनधारक कुटुंबालाच मिळतात, आणि आताचा शेतकरी ओळख क्रमांकही गटनंबराशीच जोडलेला आहे. आधार कार्ड घेऊन केंद्रावर गेलेल्या वेचणारीला पहिला प्रश्न तोच: सातबारा कुणाच्या नावे?