शेणातली नेमबाज वाटी

पोळ्याच्या सुमारास हिंगणा रस्त्याकडेला चरणाऱ्या गुरांचे थोडे शेण आणून ओल्या टीपकागदावर ठेवावे, त्यावर काचेचे भांडे उपडे घालावे आणि ते खिडकीच्या उजेडात राहू द्यावे. पंधरवड्यात भिंगाखाली ज्या बुरश्या दिसू शकतात, त्यांत अ‍ॅस्कोबोलस इमर्सस मला सर्वांत विलक्षण वाटते. वाटीच्या आकाराच्या बुरश्यांच्या गटातली ही जात जेमतेम एक मिलिमीटरची, पिवळसर आणि शेणात अर्धी रुतलेली असते. लॅटिनमध्ये इमर्सस म्हणजे बुडालेला. पर्सून यांनी १७९४ मध्ये दिलेले हे नाव तिला शोभते.

गुरांच्या पोटातून गेल्याशिवाय हिचे बीजाणू सहसा रुजत नाहीत आणि गुरे तर शेणालगतच्या गवताला तोंड लावत नाहीत. म्हणजे बीजाणूंनी शेणापासून दूर, ताज्या गवताच्या पात्यावर जाऊन बसायला हवे. त्यासाठी वाटीतल्या नळीसारख्या पिशव्या पक्व होताना पृष्ठभागाच्या वर डोकावतात आणि आपली टोके उजेडाकडे वळवतात, कारण जिकडे उजेड तिकडेच मोकळी वाट. आत पाण्याचा दाब वाढत जातो, टोकावरचे झाकण फटकन उघडते आणि आठ जांभळे बीजाणू एका दमात बाहेर फेकले जातात. सुटा बीजाणू हवेच्या विरोधाने लगेच थबकला असता. हे आठही चिकट द्रवाने एकत्र बांधलेले असल्यामुळे त्यांचा जड गोळा ३० सेंटिमीटरहूनही दूर जाऊ शकतो. खिडकीकडच्या काचेवर उमटलेले जांभळे ठिपके हे असेच गोळे असतात.

एकत्र पडण्याच्या या सवयीचा आनुवंशिकीला मोठा उपयोग झाला. जांभळ्या आणि पांढऱ्या बीजाणूंच्या वाणांचा संकर केला, की प्रत्येक गोळ्यात चार जांभळे आणि चार पांढरे बीजाणू अपेक्षित असतात. परंतु १९६० च्या सुमारास फ्रान्समध्ये रिझे आणि पास्काल लिसूबा यांनी (हेच लिसूबा पुढे काँगो प्रजासत्ताकाचे राष्ट्राध्यक्ष झाले) सहास दोन अशी विषम विभागणीही अभ्यासली. एका जनुकाची प्रत दुसऱ्या प्रतीवर उतरवली जाते, हे त्या विषमतेमागचे कारण. आठही भावंडे एकाच ठिपक्यात सापडत असल्याने ही मोजणी साध्या भिंगाखाली करता येत असे.