निवडणूक लागण्याआधीच मतदार यादीतला पत्ता बदला: ठाणे-नवी मुंबईकरांसाठी

२०२४ ची विधानसभा निवडणूक १५ ऑक्टोबरला जाहीर झाली. त्या निवडणुकीसाठी मतदार नोंदणीचे अर्ज घेतले गेले १९ ऑक्टोबरपर्यंत. म्हणजे हातात चारच दिवस. घोडबंदर रोडला नव्याने राहायला आलेले किंवा नेरुळहून खारघरला गेलेले जे लोक 'निवडणूक लागली की बघू' म्हणत थांबले होते, त्यांची नावं जुन्याच यादीत राहिली. १९ ही तारीख कुणी मनाने ठरवली नव्हती. ती कशी निघते हे समजून घेतलं, तर पुढच्या वेळी धावपळ होणार नाही.

तारखांचं गणित

लोकसभा आणि विधानसभेच्या तारखा भारत निवडणूक आयोग ठरवतो, पण त्याला कायद्याच्या चौकटीत राहूनच त्या ठरवाव्या लागतात. सभागृहाची मुदत पाच वर्षांची. मुदत संपायला सहा महिन्यांहून जास्त काळ उरला असेल, तर अधिसूचना काढता येत नाही. अधिसूचना निघाल्यापासून पुढचे दिवस १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने बांधून दिलेले आहेत. सातव्या दिवशी उमेदवारी अर्जांची मुदत संपते, लगेच दुसऱ्या दिवशी छाननी होते आणि छाननीनंतर दोन दिवसांनी माघारीची मुदत संपते. मतदान त्यानंतर किमान चौदाव्या दिवशी, त्याआधी नाही. यातल्या अर्ज, छाननी किंवा माघारीच्या दिवशी सुटी आली, तर तारीख पुढच्या कामाच्या दिवसावर जाते.

२०२४ मध्ये विधानसभेची मुदत २६ नोव्हेंबरला संपत होती. अधिसूचना निघाली २२ ऑक्टोबरला, अर्जांची मुदत २९ पर्यंत, छाननी ३० ला. हिशोबाने माघार १ नोव्हेंबरला यायला हवी होती. पण त्या दिवशी लक्ष्मीपूजन, दुसऱ्या दिवशी पाडवा आणि रविवारी भाऊबीज, म्हणून ती गेली थेट ४ नोव्हेंबरवर. बंडखोरांची समजूत काढायला पक्षांना अख्खी दिवाळी मिळाली! मतदान २० ला झालं, मतमोजणी २३ ला.

आता आपल्या कामाचा मुद्दा. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की मतदार यादी गोठते. त्यानंतर कुणाचं नाव घालता येत नाही, की काढता येत नाही. शिवाय मतदार नोंदणीच्या प्रत्येक अर्जावर हरकत घेण्यासाठी सात दिवस ठेवावे लागतात. म्हणून उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या दहा दिवस आधीपर्यंत आलेले अर्जच त्या निवडणुकीसाठी धरले जातात. २९ मधून दहा वजा करा, १९ तारीख येते.

तुमचा मतदारसंघ कोणता?

इथे नवी मुंबईकरांचा सर्वाधिक गोंधळ होतो. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे हा भाग ऐरोली विधानसभेत येतो; नेरुळ आणि सीबीडी हा भाग बेलापूर विधानसभेत. हे दोन्ही मतदारसंघ ठाणे लोकसभेत आहेत आणि त्यांचे जिल्हा निवडणूक अधिकारी म्हणजे ठाण्याचे जिल्हाधिकारी. खारघर, कामोठे, कळंबोलीचे लोकही पत्त्यात 'नवी मुंबई' लिहितात, पण त्यांची विधानसभा पनवेल, लोकसभा मावळ आणि जिल्हाधिकारी अलिबागला. २०२४ च्या लोकसभेला खारघरने १३ मे रोजी मतदान केलं आणि शेजारच्या बेलापूरने २० मे रोजी. ठाण्यातही तसंच आहे. कळवा-मुंब्रा ठाणे महापालिकेत असले तरी लोकसभेला ते कल्याणमध्ये मोडतात.

फॉर्म ६ की फॉर्म ८?

नाव कुठल्याच यादीत नसेल, तर फॉर्म ६. गावी, मुंबईत किंवा पुण्यात नाव आहे आणि आता इथे राहता, तर फॉर्म ८. त्यात 'निवासस्थान बदल' हा पर्याय निवडायचा. जुना मतदार ओळखपत्र क्रमांक तोच राहतो आणि जुन्या ठिकाणचं नाव निघण्याची प्रक्रियाही त्याच अर्जातून होते. पत्ता न बदलता नावातली चूक किंवा फोटो दुरुस्त करायचा असेल, तरी फॉर्म ८ च.

पुष्कळजण गावचं नाव तसंच ठेवून इथे फॉर्म ६ भरतात. हे करू नका. एका वेळी एकाच ठिकाणी नाव ठेवता येतं आणि अर्जात खोटी माहिती दिल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. २०१४ मध्ये साताऱ्यात १७ एप्रिलला आणि इथे २४ एप्रिलला मतदान होतं. तिकडे शिक्का मारून इकडेही या, असं शरद पवार नवी मुंबईत माथाडी कामगारांसमोर म्हणाले. आपण ते गमतीने बोललो, असं त्यांनी नंतर सांगितलं, पण आयोगाची नोटीस आलीच.

नव्या मतदारांसाठी वयाचा हिशोब आता वर्षातून चारदा होतो: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. यांपैकी ज्या तारखेला १८ पूर्ण असतील, ती तुमची. सतरा पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो.

कागदपत्रं

वयासाठी जन्मदाखला, आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट किंवा जन्मतारीख असलेलं दहावी-बारावीचं प्रमाणपत्र यांपैकी एक. सोबत पासपोर्ट आकाराचा फोटो.

पत्त्याचा पुरावा हीच खरी अडचण. आधार, बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, पासपोर्ट, वीज-पाणी-गॅसचं बिल, घराचा नोंदणीकृत खरेदीखत किंवा भाडेकरार चालतो. भाड्याने राहणाऱ्यांनी 'नोंदणीकृत' हा शब्द नीट वाचावा. नुसत्या स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेला करार यात बसत नाही. आईवडील किंवा पती-पत्नीच्या नावाचा त्याच घराचा पुरावाही चालतो. आणि नुसता फ्लॅट विकत घेतल्याने कुणी तिथला मतदार होत नाही. तिथे राहायला हवं.

अर्ज भरल्यावर

अर्ज आयोगाच्या मतदार पोर्टलवर, ॲपवर किंवा बीएलओकडे (तुमच्या मतदान केंद्राची यादी सांभाळणारा कर्मचारी) कागदावर देता येतो, शुल्क नाही. मिळालेला संदर्भ क्रमांक जपून ठेवा. चौकशीसाठी हेल्पलाइन १९५०.

त्यानंतर बीएलओ पडताळणीला घरी येऊ शकतात. मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये इथेच घोडं अडतं: दिवसा घर बंद, वॉचमन आत सोडत नाही, शेजाऱ्याला तुमचं आडनाव माहीत नाही. सोसायटीच्या ऑफिसात आणि गेटवर आधीच सांगून ठेवा, दारावर नावाची पाटी लावा. अर्ज नामंजूर झालाच, तर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं आणि तिथेही न जमल्यास तीस दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे.

महापालिका निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो. पण तिची प्रभागवार यादी विधानसभेच्या यादीवरूनच तयार होते, त्यामुळे वेगळी नोंदणी लागत नाही.

घरात ८५ च्या पुढचे आजी-आजोबा असतील किंवा कुणाला ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असेल, तर त्यांना घरून मतदान करता येतं. त्यासाठीचा फॉर्म १२ ड मात्र अधिसूचनेनंतर पाच दिवसांतच द्यावा लागतो.