रोमन शिपायांच्या कड्या आणि इतर थापा

अंग टोचून दागिने घालून देणाऱ्या पिअर्सिंग स्टुडिओत जाऊन विचारा, हे खूळ आलं कुठून? ‘फार जुनं आहे’ हे उत्तर ठरलेलं. रोमन सैन्यातले अधिकारी म्हणे स्तनाग्रांत कड्या घालायचे आणि त्यांना अंगावरचा झगा अडकवायचे. इजिप्तमध्ये बेंबी टोचायचा मान फक्त राजघराण्याला होता. व्हिक्टोरिया राणीचा नवरा प्रिन्स अल्बर्ट याने तर घट्ट विजारीत नीट दिसावं म्हणून नको तिथे कडी घालून घेतली होती, आणि त्या टोचणीला आजही त्याचंच नाव आहे. या तिन्ही गोष्टींना काडीचाही पुरावा नाही. त्या पसरवणारा माणूस मात्र सापडतो.

त्याचं खरं नाव रिचर्ड सिमंटन. लॉस एंजेलिसचा हा बडा व्यावसायिक दुकानांत आणि कचेऱ्यांत वाजणाऱ्या मंद पार्श्वसंगीताच्या धंद्यावर श्रीमंत झाला. जुन्या थिएटरांतल्या ऑर्गनचा त्याला नाद होता, आणि ‘डेल्टा क्वीन’ ही जुनी वाफेची बोट मोडीत निघू नये म्हणून त्याने पदरचा पैसा घातला होता. अंगाला टोचून घ्यायचा त्याचा शौक घरंदाज वर्तुळात सांगण्यासारखा नव्हता. त्या दुनियेत तो ‘डग मॅलॉय’ या नावाने वावरायचा. सत्तरच्या दशकात त्याने एक छोटी पुस्तिका लिहिली आणि तीत एकेका टोचणीला राजघराण्यातली किंवा रणांगणावरची वंशावळ जोडून दिली. वाचायला बहारदार, खरी मात्र फारशी नाही.

असं का करावं लागलं असेल, ते समजण्यासारखं आहे. आपल्याकडे कानात भिकबाळी घालणाऱ्या पोराला कुणी जाब विचारत नाही. ‘पेशवाईपासून आहे’ एवढं पुरतं, मग ती दाबाची का असेना! बाराव्या दिवशी सोनाराकडून बाळाचे कान टोचून घेताना तर आपण पेढे वाटतो. पण १९७० च्या अमेरिकेत स्तनाग्रात कडी घालणारा माणूस वेडा तरी ठरायचा नाहीतर विकृत. शिवाय या हौशी मंडळींत समलिंगी पुरुष बरेच होते, म्हणजे लपवायला दोन गोष्टी झाल्या. अशा माणसाला इजिप्तचा फारो पाठीशी उभा असलेला कुणाला आवडणार नाही?

मॅलॉयचं खरं काम वेगळंच. त्याने जिम वॉर्ड नावाच्या तरुण दागिने-कारागिराला हाताशी धरलं, पैसे दिले, गिऱ्हाइकं मिळवून दिली. १९७५ च्या नोव्हेंबरात वॉर्डने वेस्ट हॉलिवूडमधल्या राहत्या घरातून ‘गाँटलेट’ सुरू केलं आणि तीन वर्षांनी रस्त्यावर रीतसर दुकान थाटलं. फक्त टोचण्याचा आणि टोचणीच्या दागिन्यांचा, असा हा अमेरिकेतला पहिला धंदा मानला जातो. १९७७ पासून वॉर्डने हौशी लोकांसाठी एक त्रैमासिकही काढलं. ते वीस वर्षं चाललं.

वॉर्डचं देणं हे कारागिराचं आहे, आणि मला वाटतं या साऱ्या कहाणीतला खरा भाग तोच. तोवर लोक कानातल्या बाळ्या, शिवणाच्या सुया, हाताला लागेल ते वापरायचे. त्याने इंजेक्शनच्या सुईसारखी पोकळ, धारदार सुई रुळवली. आधी पेनाने दोन ठिपके काढायचे, चिमट्याने कातडी धरायची, साधारण १.६ मिलिमीटर जाडीची सुई एका दमात पार करायची आणि तिच्या शेपटीला लावून दागिना तसाच आत सरकवायचा. फ्रँकफर्टचा एक टॅटूवाला दोन्ही टोकांना गोळे असलेल्या दांड्या घेऊन आला होता. वॉर्डने त्यांचे आटे दांडीच्या आत घेतले, म्हणजे घालताना ताजी जखम खरवडली जात नाही. जिभेत आधी लांब दांडी घालतात, कारण दुसऱ्या दिवशी जीभ सुजते. सूज उतरली की आखूड दांडी. हे सगळं गिऱ्हाइकांच्या अंगावर चुकतमाकत शिकलेलं शहाणपण आहे.

याच कंपूत आणखी एक इसम होता, रोलंड लूमिस. जन्म १९३०, साउथ डकोटातल्या अॅबर्डीन गावचा. दिवसा जाहिरात क्षेत्रात नोकरी, बाकीचा वेळ स्वतःच्या देहावर प्रयोग. एका इराणी सूफीच्या गोष्टीवरून त्याने नाव घेतलं फकीर मुसाफर. स्वतःसारख्यांना तो ‘आधुनिक आदिम’ म्हणायचा. थैपुसम या सणाला तमिळ भाविक अंगात सळया टोचून कावड घेतात, ती त्याने स्वतःवर करून पाहिली. मंडान या मूळ अमेरिकन जमातीच्या ओकिपा विधीवर तर त्याचा भारी जीव. त्यात तरुणांच्या छातीत काटक्या खुपसून त्यांना दोरांनी वर ओढत. चित्रकार जॉर्ज कॅटलिनने १८३२ मध्ये तो विधी पाहून चितारला, तेव्हा अनेकांनी त्याला खोटारडा ठरवलं. पाच वर्षांत देवीच्या साथीने बहुतेक मंडान मेले.

इथे इतिहास जरा विचित्र वळण घेतो. लकोटा आणि शेजारच्या जमातींचं सूर्यनृत्य, ज्यात छातीची कातडी टोचून खांबाला बांधून घेतात, ते १८८३ मध्ये अमेरिकी सरकारने गुन्ह्यांच्या यादीत घातलं. करणाऱ्याचं रेशन बंद व्हायचं, तुरुंगही व्हायचा. आपल्याकडेही बगाडात नवस फेडणाऱ्याच्या पाठीत लोखंडी गळ टोचून त्याला लाकडी आडव्याला लटकवत. इंग्रजी अमलात गळ टोचण्यावर बंदी आली. वाईजवळच्या बावधनचं बगाड रंगपंचमीला आजही निघतं, पण बगाड्याला शिडाला बांधतात, टोचत नाहीत. म्हणजे ज्यांची रीत होती त्यांना ती रानटी म्हणून सोडायला लावली, आणि शंभर वर्षांनी कॅलिफोर्नियातला गोरा गृहस्थ तीच करून ‘आध्यात्मिक’ ठरला. १९८५ च्या एका माहितीपटात फकीर छातीत आकडे अडकवून झाडाला लटकलेला दिसतो. आपल्या अध्यात्माची नक्कल करून धंदा मांडणाऱ्यांविरुद्ध लकोटांनी १९९३ मध्ये चक्क ‘युद्धघोषणा’ काढली. त्यांचा राग गैरवाजवी होता असं कोण म्हणेल? फकीरला मात्र हे सोंग वाटत नव्हतं. त्याने जन्मभर तेच केलं, पुढे टोचण्याचं शिक्षण देणारी शाळाही काढली.

१९८९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या रीसर्च प्रकाशनाने ‘मॉडर्न प्रिमिटिव्ह्ज’ हे मुलाखतींचं पुस्तक काढलं आणि बंद दारामागचं सगळं रस्त्यावर आलं. साठ-सत्तरच्या दशकांत भारतातून परतलेल्या हिप्पींनी नाकातली चमकी नेलेलीच होती. १९९३ मध्ये एरोस्मिथ या रॉक बँडच्या एका व्हिडिओत मुलगी बेंबी टोचून घेताना दिसली, त्याच वर्षी सुपरमॉडेल क्रिस्टी टर्लिंग्टन बेंबीत कडी घालून फॅशन शोमध्ये चालली, आणि मॉलमॉलमध्ये बेंब्या टोचून घ्यायला रांगा लागल्या.

गर्दी आली तसे शिकाऊही आले. १९९४ मध्ये धंद्यातल्या जाणत्यांनी असोसिएशन ऑफ प्रोफेशनल पिअर्सर्स स्थापन केली. ऑटोक्लेव्हमध्ये वाफेने निर्जंतुक केलेली सुई, शरीरात बसवण्याच्या दर्जाचं टायटॅनियम, आणि टोचायच्या पिस्तुलाला सक्त मनाई, हे तिचे नियम. दुकानांतली ती कान टोचायची गन बोथट खिळा जोर लावून ठोकते, आणि तिचं प्लॅस्टिक ऑटोक्लेव्हमध्ये टिकत नाही. आपल्याकडच्या कित्येक सराफी दुकानांत ती अजून दिमाखात काउंटरवर असते. त्याच वर्षी टोरांटोचा शॅनन लॅरॅट लोकांचे अनुभव आणि फोटो जमवायला लागला, त्यामुळे कुठली जखम किती महिन्यांत भरते हे पहिल्यांदाच हजारोंच्या तोंडून कळलं. अॅरिझोनात स्टीव्ह हॉवर्थ कातडीखाली मणी नि शिंगं बसवू लागला. डॅलसमध्ये अॅलन फॉकनरने आकड्यांवर लटकण्याला देवधर्मापासून वेगळं काढलं. ज्याला लटकायचंय त्याने लटकावं, कारण सांगायची सक्ती नाही.

कारण सांगायची वेळ कोर्टात मात्र येतेच. देहात फेरफार करणं हाच धर्म मानणाऱ्या ‘चर्च ऑफ बॉडी मॉडिफिकेशन’ या पंथाची सदस्य असलेल्या एका रोखपाल बाईने भुवईतली कडी काढायला नकार दिला, कॉस्टको या अमेरिकी दुकानांच्या साखळीने तिला कामावरून काढलं. कडी हा माझा धर्म आहे, असं ती म्हणाली. २००४ मध्ये अपील कोर्टाने धर्म खरा की खोटा या भानगडीत न पडता कंपनीच्या बाजूने निकाल दिला. सूट द्यायची तर कंपनीवर नको इतका भार पडेल, असं कोर्टाचं म्हणणं.

इंग्लंडमधलं प्रकरण जास्त गंभीर. वुल्व्हरहॅम्प्टनच्या एका स्टुडिओवाल्याने गिऱ्हाइकांच्या लेखी संमतीने एकाचा कान काढला, एकाचं स्तनाग्र काढलं, एकाची जीभ मधोमध चिरली. हजारो लोकांनी त्याच्या बाजूने सह्या केल्या. अपील कोर्टाने २०१८ मध्ये सांगितलं की टॅटू आणि टोचणं कायद्याला चालतं, पण हे काम शस्त्रक्रियेचं आहे आणि वैद्यकीय कारण नसेल तर गिऱ्हाइकाच्या होकाराने गुन्हा पुसला जात नाही. पुढच्या वर्षी त्याला चाळीस महिन्यांची कैद झाली. गाँटलेट १९९८ मध्येच दिवाळखोरीत बुडालं होतं. जिम वॉर्डने नंतर आठवणी लिहिल्या, त्यांत मॅलॉयच्या इतिहासाला कल्पनाविलास म्हणून मोकळा झाला. रोमन शिपाई मात्र अजून स्टुडिओंच्या भिंतींवर झगे अडकवून उभेच आहेत.