जेवणासोबत बिअर

ताटातल्या पदार्थाशी वाइनऐवजी बिअर जुळवून घेण्याची पद्धत. बेल्जियम, जर्मनी, चेकिया या बिअरच्या मुलखांत ती रोजचीच आहे. फ्लँडर्समध्ये गोमांस आणि भरपूर कांदा गडद बिअरमध्ये तासन्‌तास शिजवतात आणि पेल्यातही बिअरच असते. म्युनिकमध्ये वाइसवुर्स्ट हे पांढरे सॉसेज गोड मोहरी, प्रेट्झेल आणि गव्हाच्या बिअरसोबत दुपारचे बारा वाजायच्या आत संपवण्याची रूढी आहे. आयर्लंडात कालवांबरोबर स्टाउट ही काळी, भाजक्या चवीची बिअर घेतात. बेल्जियमच्या बिअर-संस्कृतीचा युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत 2016 मध्ये समावेश झाला.

वाइन पदार्थाला भिडते ती आंबटपणाने आणि टॅनिनच्या (द्राक्षाच्या सालीबियांतून येणाऱ्या घटकाच्या) तुरटपणाने. बिअरची हत्यारे वेगळी: वायू, माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) गोडसरपणा आणि हॉप्स या वेलीच्या फुलांचा कडवटपणा. साध्या लागरमध्ये (थंडाव्यात आंबवलेल्या, सर्रास मिळणाऱ्या बिअरमध्ये) मद्यार्क 4 ते 5 टक्के असतो, वाइनमध्ये बहुधा 12 ते 14. लागरच्या एका लिटरमध्ये साधारण 5 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. जर्मन गव्हाच्या बिअरमध्ये त्याहून बराच जास्त. तळणीशी बिअर जमते ती याच वायूमुळे. रव्यात घोळवून तळलेला बोंबील चावला की टाळ्यावर तेलाचा पातळ थर राहतो. फेसाळ, किंचित कडू घोट तो खरवडून नेतो आणि पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. याच बोंबलाबरोबर रेड वाइन घेतली, तर तिच्यातल्या लोहामुळे माशाच्या चरबीला उग्र वास सुटू शकतो.

भाजलेल्या चवींची जुळणी आणखी सरळ आहे. माल्ट भाजताना आणि वाटणासाठी कांदा-खोबरे भाजताना तीच रासायनिक क्रिया घडते. तिला मेयार अभिक्रिया म्हणतात. म्हणून सुक्या मटणाला किंवा भाजलेल्या खोबऱ्याच्या रश्श्याला तांबूस एल (लागरपेक्षा उबेत आंबवलेली बिअर) किंवा गडद लागर शोभते. फिकी लागर तिथे पाण्यासारखी लागते. विटबिअर या बेल्जियन गव्हाच्या बिअरमध्ये तर धने आणि संत्र्याची साल घालतात. जर्मन गव्हाच्या बिअरला येणारा लवंगेचा वास मात्र मसाल्याचा नसून यीस्टचा असतो. या दोन्ही बिअर मसालेदार शाकाहारी जेवणाशी सहज मिसळतात.

तिखटाबद्दल मोठा गैरसमज आहे. बिअर तिखट मारत नाही. मिरचीतले कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि बिअर बहुतांशी पाणीच असते. थंडावा आणि माल्टचा गोडवा क्षणभर दिलासा देतात, इतकेच. उलट मद्यार्क आग वाढवतो आणि वायू झोंबतो. तांबड्या रश्श्यासोबत 7-8 टक्क्यांची ‘स्ट्राँग’ घेणे ही आपल्याकडची नेहमीची चूक. हॉप्सचा मारा असलेली आयपीए (इंडिया पेल एल) त्याहून वाईट, कारण तिखटापुढे कडवटपणा अधिकच बोचतो. अशा ताटाला 5 टक्क्यांच्या आतली, कमी कडू, गोडसर बिअर घ्यावी. 2009 मध्ये पुण्यात डूलाली ही मायक्रोब्रुअरी (जागेवरच बिअर बनवून विकणारे छोटे केंद्र) सुरू झाल्यानंतर महाराष्ट्रात अशा मायक्रोब्रुअरी वाढत गेल्या आणि गव्हाची ताजी बिअर मिळणे सोपे झाले.

गोडाला नियम एकच: बिअर पदार्थापेक्षा कमी गोड नको. श्रीखंडावर पिल्सनर ही फिकी, कडवट लागर नुसती कडू लागते. चॉकलेट केकला दाट, गोडसर स्टाउट चालते.

वाढताना बिघडते ते बहुधा तापमानात आणि पेल्यात. लागर 4 ते 7 अंश सेल्सिअस, एल 8 ते 12, जड गडद बिअर 12 ते 14 अंशांवर द्यावी. फ्रीझरमध्ये गोठवलेल्या मगात वास दबतो आणि चव बधिर होते. पेला तेलकट असेल किंवा त्यावर साबण राहिला असेल, तर फेस लगेच बसतो आणि बुडबुडे काचेला चिकटून राहतात. पेला 45 अंशांत तिरका धरून ओतावे, अर्ध्यावर आला की सरळ करावा आणि वर दोन बोटे फेस ठेवावा. फेस टाळून काठोकाठ भरलेल्या पेल्यातला वायू पोटात जाऊन जेवणाआधीच पोट फुगते. हिरवी किंवा पारदर्शक बाटली उन्हात ठेवू नये; प्रकाशाने हॉप्समधले घटक मोडून कुबट वास येतो.

650 मिलीची बाटली एकट्याने संपवेपर्यंत कोमट होते. ती दोघा-तिघांत वाटून 150 ते 200 मिलीचे पेले भरावेत आणि प्रत्येक पदार्थाला बिअर बदलावी. हलकीकडून जडीकडे जावे. स्टाउटनंतर लागरची चवच कळत नाही.

बिअरची खरी अडचण आकारमानाची. चार-पाच पदार्थांच्या लांबलेल्या जेवणात ती पोट भरते, तिथे वाइनचा छोटा पेलाच सोयीचा. कमी शिजवलेल्या लाल मांसाशीही टॅनिनची वाइन सरस ठरते. ताटात सोलकढी असेल, तर मात्र दोन्हींपैकी काहीच नको.