तैलरंगांचा शोध यान व्हान आइकचा नव्हे

बर्गंडीच्या ड्यूक फिलिपचा दरबारी चित्रकार यान व्हान आइक (मृत्यू १४४१) याने तैलरंग शोधून काढले, ही समजूत इटालियन चित्रकार-लेखक वासारीच्या १५५० सालच्या, कलावंतांच्या चरित्रग्रंथामुळे रूढ झाली. उन्हात वाळत ठेवलेला चित्रफलक तडकला म्हणून त्याने हा शोध लावला, अशी वासारीची कथा आहे. ती रंजक खरी, पण जवसाच्या तेलात रंग खलण्याची कृती थिओफिलस या मठवासीयाने बाराव्या शतकातच लिहून ठेवली होती आणि एकेक थर वाळेपर्यंत थांबणे कंटाळवाणे असल्याची तक्रारही केली होती. व्हान आइकचे श्रेय पातळ, पारदर्शक थरांवरील प्रभुत्वाचे आहे: ‘आर्नोल्फिनी’ या एका दांपत्याच्या चित्रातील (१४३४) बहिर्गोल आरशात त्या दोघांच्या पाठी आणि दारातल्या दोन व्यक्तीही दिसतात.